सगळ्यात कडक दात आधी का तुटला? लोडरच्या बकेटचे दात निवडताना

ज्यांना अख्खा एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे बघा" कमी केलेत.

आजचा विषय आहे दात. आपले नाहीत, लोडरचे. रस्त्यावर मोठ्या चाकांचा पिवळा लोडर बघितला असेल ना? त्याच्या बकेटच्या पुढच्या कडेला जे टोकदार तुकडे असतात, ते. मी दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहिणारा माणूस, मग यात कसा पडलो ते आधी सांगतो.

माझा चुलत दादा भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे असतो. हा मँगनीजचा पट्टा. डोंगरी बुजुर्ग, चिखला या खाणी तिकडच्याच. दादाचा एक व्हील लोडर आहे, कर्जावर घेतलेला, आणि तो एका खाजगी प्लॉटवर भाड्याने चालतो. ट्रकमधून आलेलं खनिज क्रशरमध्ये टाकायचं, फोडून झालेलं परत ट्रकमध्ये भरायचं, हे काम. गेल्या उन्हाळ्यात एका रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. हातात तुटलेला दात होता.

"तू इंजिनियर नं? मले सांग, सर्वात कडक घेतला, तरी काहून तुटला?"

झालं असं होतं, की आठपैकी दोन दात तुटले. एक ढिगात सापडला. दुसरा खनिजाबरोबर क्रशरच्या जबड्यात गेला. क्रशर दिवसभर बंद. प्लॉटवाल्याने नुकसान बिलातून कापलं, आणि "पुन्हा झालं तर दुसरा लोडर बघतो" असंही ऐकवलं. हप्ता चालू, आणि काम जायची भीती. हजार-दीड हजाराच्या दातापायी!

मला उत्तर माहीत नव्हतं. पण मटेरियल सायन्स हा विषय बीटेकला होता, आणि मी तो जेमतेम पास झालो होतो. तेच पुस्तक पुन्हा उघडलं, दोन-तीन रविवार प्लॉटवर जाऊन बसलो. जे कळलं ते आज सांगतो.

आधी दात म्हणजे नक्की काय

बकेटच्या पुढच्या जाड पट्टीवर, म्हणजे लिपवर, एक तुकडा वेल्ड केलेला किंवा बोल्टने बसवलेला असतो. तो अडॅप्टर. त्याच्या पुढे निघालेलं जे नाक असतं, त्यावर टोपीसारखा दात बसतो. आडवी पिन आणि तिला धरून ठेवणारं रिटेनर, एवढ्यावर तो टिकतो.

ही रचना मुद्दाम अशी केलेली आहे. दात झिजावा म्हणजे अडॅप्टर वाचतो. अडॅप्टर गेला तरी चालेल, पण लिप वाचावी. मोबाईलच्या टेम्पर्ड ग्लाससारखंच. ग्लास फुटला तर स्वस्तात भागतं, स्क्रीन फुटली तर महिन्याचं बजेट जातं. त्यामुळे दात झिजतोय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ते त्याचं कामच आहे. प्रश्न एवढाच, की तो हळू झिजतोय का, आणि न तुटता झिजतोय का.

दोन वेगळे शत्रू

इथेच सगळी गंमत आहे. दाताला दोन गोष्टी मारतात. एक, घासून झिजणं. दोन, फटक्याने तुटणं. आणि एकावरचं औषध दुसऱ्याला वाढवतं.

झिजण्याचं गणित १९५३ मध्ये आर्चर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं. सोप्या भाषेत: दाब जितका जास्त आणि घासत गेलेलं अंतर जितकं जास्त, तितकी झीज जास्त. धातू जितका कडक, तितकी झीज कमी. म्हणून सगळे दुकानदार कडकपणा सांगतात. तो रॉकवेल सी म्हणजे एचआरसी, किंवा ब्रिनेल म्हणजे एचबी या मापात मोजतात. ५० एचआरसी म्हणजे साधारण ४८० ब्रिनेल.

पण स्टील कडक करत गेलं की ते ठिसूळ होत जातं. स्वयंपाकघरातली चांगली सुरी ५५ ते ५८ एचआरसीची असते. तिने भाजी मस्त चिरते, पण तीच नारळावर आपटली तर धार उडते. नारळाला कोयता लागतो. कोयता सुरीइतका कडक नसतो, पण फटका पचवतो. हा फटका पचवण्याचा गुण म्हणजे टफनेस. चार्पी टेस्टमध्ये तो ज्यूलमध्ये मोजतात. खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलक सोडायचा, आणि तो तुकडा मोडायला किती ऊर्जा लागली ते बघायचं.

दादाच्या दातावर विक्रेत्याने ५८ सांगितलं होतं. तुटलेली बाजू बघितली तर चकचकीत, दाणेदार, खडीसाखर मोडल्यासारखी. कुठे वाकल्याची खूण नाही. म्हणजे ठिसूळ मोड. दादाने नारळ फोडायला सुरी दिली होती. दुकानाचं नाव घेत नाही, कारण त्याने विचारलं होतं "कडक पाहिजे का?" आणि दादा "हो" म्हणाला होता. कुठल्या कामाला पाहिजे, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

चांगल्या दातांचा कडकपणा बहुतेक वेळा ४५ ते ५२ एचआरसीच्या आसपास असतो, आणि तोही सोबत टफनेस सांभाळून. साठच्या जवळचा आकडा कोणी अभिमानाने सांगितला, तर खूश व्हायच्या आधी इम्पॅक्ट व्हॅल्यू विचारा.

तुमचं खनिज कुठलं?

"खनिज" हा एकच शब्द आहे, पण दाताच्या दृष्टीने प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मोहच्या मापात हेमॅटाइट हे लोहखनिज साधारण साडेपाच ते साडेसहा. गडचिरोलीत सुरजागडला हेच निघतं. आपल्याकडच्या मँगनीज पट्ट्यातलं ब्राउनाइट सहाच्या आसपास. कोल्हापूरकडचं बॉक्साइट बरंच मऊ. आणि क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, सात. कडक केलेली कानससुद्धा साडेसहाच्या आसपास थांबते. म्हणजे खनिजात गारगोटी मिसळलेली असेल, तर ती कुठल्याही दाताला ओरखडे काढणारच. म्हणून विक्रेत्याला नुसतं "मँगनीज" सांगून भागत नाही. "गारगोटी बरीच आहे" हेही सांगायचं.

दुसरी गोष्ट आकारमान. गोव्यातलं बरंचसं लोहखनिज भुकटीसारखं बारीक असतं. तिथे फटका कमी, घासणं जास्त. तिथे जास्त कडक दात शोभतो. उलट, सुरुंग लावून फोडलेले मोठे दगड उचलायचे असतील तर फटका जास्त, तिथे टफनेस आधी.

तिसरी गोष्ट वजन. तीन घनमीटरची बकेट सुट्या मातीने भरली तर चार-साडेचार टन होतात. तीच जड खनिजाने भरली तर सहा-सात टन किंवा त्याहून जास्त. ढिगात घुसताना, उचकटून काढताना तो भार आधी दातांवर येतो. माती उपसायला जो दात वर्षभर चालला, तो इथेही चालेल असं धरू नका.

दादाच्या प्लॉटवर दोन्ही प्रकार होते. सकाळी मोठे दगड क्रशरला, दुपारी बारीक माल ट्रकमध्ये. मशीन एकच. अशा वेळी जो शत्रू जास्त नुकसान करतो त्याचा विचार आधी करायचा. दात झिजला तर फक्त दात जातो. तुटून क्रशरमध्ये गेला तर दिवस जातो. म्हणून इथे टफनेस पहिला.

"मँगनीज स्टीलचा घ्या, कधीच झिजत नाही"

हे वाक्य प्लॉटवर मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. मँगनीजच्या गावात मँगनीजवर विश्वास असणारच! त्यात तथ्यही आहे, पण अर्धंच.

१८८२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने एक स्टील बनवलं. त्यात साधारण १२ टक्के मँगनीज आणि १.२ टक्के कार्बन. त्याची खासियत अशी, की नवीन असताना ते २०० ब्रिनेलच्या आसपास, म्हणजे मऊच असतं. पण त्यावर जोरदार फटके बसले की वरचा थर कडक होत होत ५०० ब्रिनेलपर्यंत जातो, आणि आतला भाग चिवटच राहतो. मार खाऊन कडक होणारं स्टील! क्रशरचे जबडे आणि रेल्वेचे क्रॉसिंग यात ते उगाच वापरत नाहीत.

पण कडक व्हायला फटके तसे जोरदार लागतात. बारीक खनिजाच्या ढिगात लोडरचा दात नुसता घासत जातो. तिथे तो थर तयारच होत नाही, आणि मऊ स्टील भराभर झिजतं. म्हणून लोडरचे बहुतेक दात हॅडफील्डचे नसतात. ते क्रोमियम, मोलिब्डेनम, निकेल यांसारखे धातू थोड्या प्रमाणात घातलेल्या आणि उष्णता देऊन कडक केलेल्या लो-अलॉय स्टीलचे असतात.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून दादा एकदम गप्प झाला. हॅडफील्ड स्टीलला चुंबक धरत नाही. कन्व्हेयरवर चुकून आलेलं लोखंड पकडायला वर चुंबक लावलेलं असतं. त्याच्याखालून हॅडफील्डचा तुकडा आरामात पुढे निघून जातो. तो पकडायला मेटल डिटेक्टर लागतो. साध्या लो-अलॉय दाताला चुंबक निदान ओढतं तरी. यातून दुकानातली एक सोपी परीक्षा मिळते: खिशात छोटं चुंबक ठेवा. "मँगनीज स्टील" म्हणून विकलेल्या दाताला ते घट्ट चिकटलं, तर ते हॅडफील्ड नाही. मग तो दात वाईटच असेल असं नाही, पण सांगणारा चुकीचं सांगतोय हे नक्की.

आकार, आणि दात हवेतच का?

टोकदार दात ढिगात पटकन घुसतो, पण त्यावर धातू कमी. जाड, जास्त धातूचा दात उशिरा झिजतो, पण घुसायला मशीनला जोर लावावा लागतो. लोडरची बकेट जमिनीवरून सरकते, म्हणून झीज खालच्या बाजूने जास्त. त्यामुळे लोडरसाठी खालून जाड असलेले दात मिळतात. एक्स्कॅव्हेटरचा दात नाकावर बसला म्हणून लोडरला लावू नका. दोन्हींची झीज वेगवेगळ्या जागी होते.

आणि काम फक्त काँक्रीटच्या फरशीवरून फोडलेला माल उचलायचं असेल, तर कदाचित दात नकोच. बोल्टने बसणारी सरळ कटिंग एज जमीन साफ उचलते, फरशीही उकरत नाही. दात ठेवायचे असतील तर दातांच्या मधल्या लिपवर बोल्टचे सेगमेंट लावा, नाहीतर मधली लिप वाटीसारखी खात जाते.

पिन, नाक आणि वेल्डिंगचा मोह

दात हरवण्याचं कारण दरवेळी दात नसतो. अडॅप्टरचं नाक झिजलेलं असेल, तर नवा कोरा दातसुद्धा त्यावर डुगडुगतो. डुगडुगला की पिन खाल्ली जाते, आणि एक दिवस दात गायब. म्हणून दात हाताने हलवून बघायचा. थोडी हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. नवा दात घ्यायच्या आधी नाक तपासा, आणि प्रत्येक नव्या दाताला नवी पिन, नवं रिटेनर. तिथे पैसे वाचवू नका.

नाकाचा आकार कंपनीप्रमाणे बदलतो. कॅटरपिलरच्या जे सिरीजमध्ये जे २५०, जे ३५० असे आकडे असतात. आकडा मोठा, तसा वर्ग मोठा. स्थानिक बाजारात त्याच मापाचे दुसऱ्यांचे दातही मिळतात, आणि त्यात चांगलेही असतात. पण खोका बघून घेऊ नका, जुन्या अडॅप्टरवर बसवून बघा.

मग येतो आपला आवडता जुगाड: "पडतोय ना, मग वेल्ड मारून टाक." मंडळी, इथे थांबा. दात उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंगची उष्णता जिथे पोचते तिथला कडकपणा उतरतो, आणि जोडाजवळ तडे जायची शक्यता वाढते. तो दात काढायला पुन्हा गॅस कटर लागतो, म्हणजे अडॅप्टरही भाजला. झिजलेल्या दातावर हार्डफेसिंगचा थर चढवतात, तो बारीक, घासणाऱ्या मालात उपयोगी पडतो. मोठ्या दगडांच्या फटक्यात त्याचे टवके उडतात.

आणि हे काळजीपूर्वक ऐका. पिन हातोड्याने ठोकताना कडक स्टीलची किरच उडून डोळ्यात जाऊ शकते. गॉगल घाला. बकेट जमिनीवर टेकवून खाली ठोकळे लावा, इंजिन बंद करा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा. हातोड्याशिवाय बसणाऱ्या पिनाही आता मिळतात. महाग असतात, पण डोळ्यापेक्षा स्वस्त.

किंमत तासाला मोजा

आता माझ्या आवडीचा भाग, हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्याकडे वेगळे येतील.

समजा पहिला दात १००० रुपयांचा आणि २०० तास चालतो. दुसरा १८०० रुपयांचा आणि ४५० तास चालतो. आठ दातांचा संच धरला तर पहिला ८००० भागिले २००, म्हणजे तासाला ४० रुपये. दुसरा १४,४०० भागिले ४५०, म्हणजे तासाला ३२ रुपये. महाग दिसणारा दात स्वस्त निघाला. शिवाय ९०० तासांत पहिल्याचे साडेचार संच लागतील, दुसऱ्याचे दोनच. प्रत्येक बदलाला मशीन उभं राहतं, ते वेगळंच.

दुसरा हिशोब वजनाचा. नवा दात काट्यावर ठेवा, आणि काढून टाकलेलाही ठेवा. नवा ५ किलो आणि टाकलेला ३ किलो असेल, तर तुम्ही फक्त २ किलो, म्हणजे ४० टक्के धातू वापरला. बाकीचा भंगारात. किलोच्या भावाने दात घेणारे इथे फसतात. जड दात म्हणजे कामाचा धातू जास्त, असं नसतं.

कुठला दात किती चालतो हे कळायला आम्ही ए-बी टेस्ट केली. ऑफिसमध्ये ॲपचं बटण हिरवं ठेवायचं की निळं, हे ठरवायला करतो तीच. डावीकडचे चार दात एका विक्रेत्याचे, उजवीकडचे चार दुसऱ्याचे. लांबी सारखीच, नाहीतर लांब दात जास्त भार खातो. कडेचे दात मधल्यांपेक्षा लवकर झिजतात, म्हणून एकसोडून-एक लावण्यापेक्षा अर्धे-अर्धे बरे पडतात. ऑपरेटरची एका बाजूने घुसायची सवय असू शकते, म्हणून मध्यावर दोन्ही बाजूंची अदलाबदल. दर सोमवारी अवर मीटरचा आकडा, दाताची लांबी आणि एक फोटो. एवढंच. सगळं फोनमध्येच.

सीटवरचा माणूस

लोडर चालवणारे काका माझा एक्सेलचा तक्ता बघून हसले. म्हणाले, "बाबू, दात दुकानात नाही मरत, माझ्या पायाखाली मरते."

खरंय. आर्चर्डच्या गणितात दाब आणि अंतर दोन्ही आहेत, आणि दोन्ही ऑपरेटरच्या हातात आहेत. बकेट जमिनीवर इतकी दाबली की पुढची चाकं उचलली गेली, तर दाब विनाकारण वाढतो. ढिगाच्या बऱ्याच आधीपासून बकेट घासत नेली, तर अंतर वाढतं. अडकलेला मोठा दगड एकाच कोपऱ्यातल्या दाताने उचकटायचा, हा तर तुटण्याचा राजमार्ग. काकांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मग दादाने काय घेतलं?

टेस्टमध्ये जिंकला तो दात ना सगळ्यात महाग होता, ना सगळ्यात कडक. कडकपणा पन्नासच्या थोडा खाली, सोबत बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट, खालून जाड आकार. दोन अडॅप्टर बदलावे लागले, आणि खरं सांगायचं तर तो खर्च दातांपेक्षा जास्त झोंबला. पण त्यांचं नाक झिजलेलं होतं, नवे दातही गेलेच असते. आता काका दर शिफ्टच्या सुरुवातीला आणि शेवटी दात मोजतात. आठ म्हणजे आठ. एक कमी दिसला की क्रशर आधी थांबवायचा, मग शोधायचं. यातलं सगळ्यात स्वस्त काम हेच आहे, आणि क्रशर वाचवणारंही हेच.

तुमच्या ओळखीत कोणाचा लोडर असेल, तर विक्रेत्याला फोन करायच्या आधी हे स्क्रीनशॉट काढून पाठवा:

- खनिज कुठलं, गारगोटी किती, मोठे दगड की बारीक माल?
- कडकपणा किती, आणि इम्पॅक्ट व्हॅल्यू किती? दोन्ही सांगा, एक नको.
- कडकपणा फक्त वरवर आहे की आतपर्यंत? बॅचचं सर्टिफिकेट आहे का?
- आपल्या अडॅप्टरवर बसवून बघता येईल का?
- पिन आणि रिटेनर सोबत आहे का?
- आधी अर्धा संच घेऊन बघितला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाला जो आनंदाने "हो" म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जा.

दादाचं काम टिकलं. मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा कॉल आला. माझ्या पोटात गोळाच आला. तर म्हणतो, "काही नाही रे, या सोमवारचा फोटो तुले पाठवला का नाही, तेवढं पाह्य."

भेटू पुढच्या एपिसोडला. काळजी घ्या, आणि शिफ्ट संपली की दात मोजा.